दोन बॅटऱ्या, एकच काटा

दोन बॅटऱ्या पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडल्या की कमजोर बॅटरी चांगलीला खाते आणि शेवटी दोघी मरतात, हे मी इन्व्हर्टर विकणाऱ्यांकडून ऐकलंय, ट्रकवाल्यांकडून ऐकलंय आणि हँगरमध्ये चहा पिताना भल्याभल्या इंजिनीयरांकडूनही ऐकलंय. सांगणाऱ्याच्या आवाजात असा ठामपणा असतो की उलट विचारायची सोय राहत नाही. माझी सगळी नोकरी विमानांच्या इलेक्ट्रिकल कामात गेली. तारा, रिले, अल्टरनेटर आणि बॅटऱ्या हाच माझा परिसर. त्यामुळे या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. ते पूर्ण खोटं असतं तर भांडण कधीच मिटलं असतं. ते थोडंसं खरं आहे, आणि जिथे खरं आहे तिथे कोणी बघत नाही.

भाचा अमेरिकेत असतो. गॅरेजमध्ये दोन माणसांचं किट विमान बांधतोय. तिथे निम्म्याहून जास्त काम हौसेपोटी स्वतः केलं, तर घरी बांधलेल्या विमानाची रीतसर नोंदणी होते. पंख झाले, सांगाडा झाला आणि आता तारांवर आलाय. मध्यंतरी फोनवर म्हणाला, "मामा, दोन बॅटऱ्या पॅरलल टाकतोय. इथे सगळे म्हणतात मध्ये डायोड टाक, नाहीतर एक दुसरीला संपवेल. तुम्ही काय म्हणता?"

डायोड म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. मी म्हणालो, "आधी सांग, दोन कशाला हव्यात?"

हा प्रश्न टाळाटाळीचा नव्हता. फ्लाइंग क्लबातलं जुनं सेस्ना १५२ घेतलं तर त्याच्या इंजिनाला ठिणगी मॅग्नेटो देतात, आणि मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. वीज तयार करणारा अल्टरनेटर गेला, बॅटरी संपली, रेडिओ मुका झाला, तरी पंखा फिरत राहतो. पायलट होकायंत्र आणि जमीन बघत घरी येऊ शकतो. भाच्याच्या विमानाचं तसं नाही. त्याचं इग्निशन इलेक्ट्रॉनिक, इंधनाचं इंजेक्शन इलेक्ट्रॉनिक, पंप विजेचा. वीज गेली की इंजिनही गेलं. अशा विमानात दुसरी बॅटरी हवीच. प्रश्न एवढाच उरतो की ती जोडायची कशी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिच्यावर लक्ष कसं ठेवायचं.

आता खाण्यापिण्याची गोष्ट. बारा व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल एकसर जोडलेले असतात. पूर्ण भरलेली बॅटरी नुसती ठेवली तर टर्मिनलवर १२.८ व्होल्टच्या आसपास दिसतात, अर्धी भरलेली असेल तर १२.३ च्या जवळपास. तिला नीट चार्ज करायचं तर १४.२ ते १४.४ व्होल्ट द्यावे लागतात, म्हणून विमानाचा व्होल्टेज रेग्युलेटर तिथेच लावलेला असतो. बॅटरी वीज देते तेव्हा साडेबाराच्या खाली उतरते आणि घेते तेव्हा तेराच्या वर चढते. मधल्या पट्ट्यात ती फारसं देतही नाही, घेतही नाही. आता भरलेली आणि अर्धी रिकामी अशा दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडा. पहिल्या क्षणी वीसेक अँपिअरचा झटका जाईल, पण रिकामीचं टर्मिनल व्होल्टेज लगेच वर येतं, भरलेलीचं थोडं खाली येतं, आणि करंट झपाट्याने आटतो. नंतर थोडा चार्ज सावकाश सरकत राहतो, तेवढंच. १२.८ व्होल्टची बॅटरी दुसरीला १४ व्होल्ट देऊच शकत नाही, मग ती स्वतःला तिच्यात ओतून रिकामी कशी होणार? रात्रभर जोडून ठेवल्या तरी सकाळी दोघी जिवंत सापडतात. घरच्या बाकावर कुणीही करून बघावं. व्होल्टमीटर आणि क्लॅम्प मीटर असला की पुरे.

मग हा समज आला कुठून? सेल शॉर्ट होण्यातून. एका बॅटरीतला एक सेल आतून शॉर्ट झाला की तिच्यात कामाचे पाच सेल उरतात आणि तिचं विश्रांतीचं व्होल्टेज १०.६ च्या आसपास येतं. तिला शेजारच्या चांगल्या बॅटरीचे १२.७ व्होल्ट मिळाले की प्रत्येक सेलच्या वाट्याला अडीचहून जास्त व्होल्ट येतात. हे ओव्हरचार्जिंग झालं. त्यात अल्टरनेटर चालू असेल तर १४.२ भागिले पाच, म्हणजे सेलमागे २.८ व्होल्टच्या वर. बॅटरी तापते, वायू सोडते, आणि चांगलीला खरोखर खाते. पण आजच्या सीलबंद एजीएम बॅटऱ्यांमध्ये प्लेटा काचेच्या तंतूंच्या चटईत घट्ट दाबून बसवलेल्या असतात, त्यामुळे हा बिघाड विरळा. झालाच तर लपत नाही. व्होल्टेज पडतं, करंटचा काटा हलतो, बॅटरी हाताला गरम लागते. मास्टर काँटॅक्टर, म्हणजे बॅटरीला बाकी तारांशी जोडणारा मोठा विजेचा स्विच, सोडला की ती वेगळी होते. वर्षानुवर्षं आपण ज्या राक्षसाला घाबरलो तो आरडाओरडा करत येणारा आहे. मला भीती वाटते ती दुसऱ्या जातीच्या बिघाडाची.

ती सांगायच्या आधी वाटणीची गोष्ट सांगायला हवी. पॅरलल जोडलेल्या दोन बॅटऱ्यांचं व्होल्टेज एकच असतं, वेगळं असूच शकत नाही, कारण दोघी एकाच बस बारवर, म्हणजे सगळ्या तारा जिथे येऊन मिळतात त्या पट्टीवर, बसलेल्या असतात. वाटला जातो तो करंट, आणि तो अंतर्गत रोधाच्या व्यस्त प्रमाणात वाटला जातो. समजा एकीचा रोध ८ मिलिओहम आणि दुसरीचा १२. स्टार्टरने २०० अँपिअर मागितले तर पहिली १२० देईल आणि दुसरी ८०. बसचं व्होल्टेज १२.८ वरून साधारण ११.८ वर येईल. पहिली एकटी असती तर ११.२ वर आलं असतं. हा अर्धा-पाऊण व्होल्ट किरकोळ वाटतो, पण थंड सकाळी इंजिन जड फिरत असताना कॉकपिटमधला स्क्रीन बंद पडून पुन्हा सुरू होतो की नाही, ते कधी कधी एवढ्यावरच ठरतं.

दुसरा फायदा कमी लोकांना माहीत असतो. लेड-ॲसिड बॅटरीतून जितका जोरात करंट ओढाल तितकी तिची एकूण क्षमता कमी भरते. जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्टने १८९७ साली याचं गणित मांडलं. १७ अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. हा आकडा वीस तासांच्या संथ डिस्चार्जचा असतो. तिच्यातून १० अँपिअर ओढले तर, पॉयकर्टचा घातांक, म्हणजे जास्त करंटला क्षमता किती घटते ते सांगणारा आकडा, १.१५ धरून, साधारण ७० मिनिटं मिळतात. तशाच दोन पॅरलल लावल्या की प्रत्येकीवर ५ अँपिअर येतात, आणि वेळ १४० मिनिटं न होता १५५ च्या पुढे जाते. वरची पंधरा मिनिटं फुकट. अल्टरनेटर गेलेल्या माणसाला रात्री पंधरा मिनिटांची किंमत विचारा.

तर वाटणी अशी उत्तम चालते, आणि तिथेच गोम आहे. पालखी उचलणाऱ्या भोयांपैकी एकाने खांदा ढिला सोडला तर बाकीचे निमूट तेवढं वजन घेतात आणि पालखीची उंची बदलत नाही. आत बसलेल्याला काही कळत नाही. पॅरलल बॅटऱ्यांचं अगदी हेच होतं. एकीचा अंतर्गत रोध वाढला, सल्फेशनने, म्हणजे प्लेटांवर सल्फेट जमून, क्षमता निम्म्यावर आली, किंवा दोन सेलमधला आतला जोड तुटून ती सर्किटमधून साफ बाहेर पडली, तरी दुसरी सगळा लोड उचलते. व्होल्टमीटरवर तोच आकडा. अल्टरनेटर चालू असताना तर १४.२ च दिसणार, कारण तो आकडा बॅटरीचा नसून रेग्युलेटरचा असतो. बहुतेक लहान विमानांत दोन्ही बॅटऱ्यांचा करंट वेगवेगळा मोजणारा ॲमीटरही नसतो. वाईट बॅटरी चांगलीला मारत नाही. चांगली बॅटरी वाईटाला झाकते. मालक मात्र दोन बॅटऱ्यांच्या भरवशावर एकीवर उडत राहतो.

"पण मामा, इंजिन रोज पटकन चालू होतं ना, मग बॅटरी बरीच असणार." भाच्याचं हे वाक्य माझ्या वहीत लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण मी ते हँगरमध्ये कित्येक मालकांकडून ऐकलंय. हिशेब करून बघा. २०० अँपिअर पाच सेकंद म्हणजे १००० अँपिअर-सेकंद. ३६०० ने भागा, ०.२८ अँपिअर-तास आले. सतरापैकी दोन टक्केही नाहीत. जिची क्षमता एक तृतीयांश उरलीय अशी बॅटरीसुद्धा इंजिन झोकात चालू करून देते. स्टार्टर बॅटरीचा जोर तपासतो, दम तपासत नाही. दम तपासायचा तर बॅटरी काढून बाकावर आणावी लागते, पूर्ण चार्ज करून एका तासाच्या दराने, म्हणजे चांगली बॅटरी एका तासात संपेल एवढा, ठरावीक लोड लावावा लागतो, आणि व्होल्टेज १० वर येईपर्यंत घड्याळ लावून बसावं लागतं. उत्पादकाप्रमाणे ८० ते ८५ टक्क्यांखाली आलेली बॅटरी विमानासाठी बाद. ८० टक्के म्हणजे ४८ मिनिटं. कंटाळवाणं काम आहे. बॅटरी रूममध्ये ॲसिडचा तो आंबूस वास, भिंतीला खायच्या सोड्याचा डबा, आणि लेड-ॲसिडचं सामान निकेल-कॅडमियमच्या खोलीत न्यायला सक्त मनाई, कारण एक ॲसिड आणि दुसरं अल्कली. नवीन पोरांना ही ड्यूटी शिक्षा वाटायची. मला आवडायची. अख्ख्या हँगरमध्ये तिथेच काय ते खरं कळायचं.

अशाच एका दोन बॅटऱ्यांच्या विमानाच्या बॅटऱ्या बाकावर आल्या होत्या. लॉगबुकात एकही तक्रार नाही, पायलट खूश. पुढची, फायरवॉलवरची (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या भिंतीवरची) बॅटरी वीस मिनिटांतच १० व्होल्टवर आली. शेपटीतली दणदणीत निघाली. दोन्ही एकाच दिवशी बसवलेल्या, एकाच कंपनीच्या. फरक जागेचा होता. फायरवॉलवरची इंजिनाच्या उष्णतेत शिजत होती, आणि वर विदर्भातला मे महिना. लेड-ॲसिड बॅटरीचं तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. त्यात पॅरलल जोडणीची स्वतःची भर पडते. गरम बॅटरी तेवढ्याच व्होल्टेजला जास्त चार्जिंग करंट घेते, म्हणजे जी आधीच तापलीय तिलाच जास्त घास मिळतो. सारख्या बॅटऱ्या सारख्या राहत नाहीत. मालकाला आकडे दाखवले तेव्हा तो म्हणाला, "पण विमान तर काहीच बोललं नाही!" बोलणार कसं? शेपटीतली होती ना.

बॅटरीचं काम फक्त इंजिन चालू करणं आणि अडचणीला उपयोगी पडणं एवढंच आहे, असं वाटत असेल तर मार्च २००७ मधली जर्मनीतल्या श्पायरची घटना वाचावी. डायमंड डीए-४२ हे चार आसनी, दोन डिझेल इंजिनांचं विमान. इंजिनांवर पूर्ण ताबा संगणकाचा. बॅटरी उतरलेली होती म्हणून इंजिनं बाहेरच्या विजेवर चालू केली. दोन्ही इंजिनं चालू, दोन्ही अल्टरनेटर फिरतायत, सगळं ठीक दिसतंय. उड्डाण झालं. चाकं वर घेण्यासाठी हायड्रॉलिक पंपाच्या मोटरने एकदम करंट ओढला, बसचं व्होल्टेज क्षणभर कोसळलं, आणि दोन्ही इंजिनांचे संगणक रीसेट झाले. दोन्ही प्रोपेलर फेदर झाले, म्हणजे पाती वाऱ्याला कडेने वळली. जमिनीपासून थोड्याच उंचीवर असलेलं विमान ओढणारं काही उरलं नाही, ते खाली उतरवावं लागलं. दोन इंजिनं, दोन अल्टरनेटर, दोन संगणक, आणि सगळ्यांची मदार एका उतरलेल्या बॅटरीवर. अल्टरनेटर कितीही दांडगा असला तरी अचानक आलेल्या लोडला त्याच क्षणी पुरा पडत नाही. रेग्युलेटरला त्याचं फील्ड, म्हणजे आतलं चुंबकीय क्षेत्र, वाढवायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ बस सांभाळते ती बॅटरी. त्या घटनेनंतर इंजिनाच्या संगणकांसाठी वेगळ्या छोट्या बॅकअप बॅटऱ्या आल्या.

आपल्याकडे गोंदियाजवळ बिरसी विमानतळावर जी प्रशिक्षण संस्था आहे, तिथे डायमंडच्याच डीए-४० आणि डीए-४२ विमानांवर मुलं शिकली आहेत. त्यांच्यापैकी कुणी भेटलं तर मी श्पायरचा विषय हमखास काढतो. तपासणी अहवालांच्या वाचनाला अभ्यासक्रमात जेवढी जागा मिळते, त्याच्या दुप्पट मिळावी असं माझं मत आहे. पण ते राहू दे.

भाच्याच्या डायोडकडे येतो. डायोड टाकण्यामागचा विचार चांगला आहे, दोन्ही बॅटऱ्या लोडला वीज देतील पण एकमेकींना देणार नाहीत. सिरस एसआर-२२ मध्ये दोन बॅटऱ्या आणि दोन अल्टरनेटर असतात, आणि एसेन्शियल बसला, म्हणजे अत्यावश्यक उपकरणांच्या पट्टीला, दोन्ही बाजूंनी डायोडमधून वीज मिळते. ते बरोबरच आहे, कारण तिथे डायोड लोडच्या वाटेवर आहे आणि प्रत्येक बॅटरीला चार्जिंगची स्वतःची वाट आहे. घरी विमान बांधणारे बरेचदा डायोड चार्जिंगच्या वाटेवरच बसवतात. साधा सिलिकॉन डायोड ०.७ व्होल्ट खातो. अल्टरनेटरचे १४.२ निघाले तरी पलीकडच्या बॅटरीला १३.५ च पोचतात. ती कायम अर्धपोटी राहते, प्लेटांवर सल्फेट जमत जातं, आणि ज्या दिवशी ती हवी असते त्या दिवशी तिच्यात काही नसतं. शॉटकी डायोडने नुकसान ०.४ पर्यंत येतं, पण का सोसायचं? त्यापेक्षा प्रत्येक बॅटरीला आपापला काँटॅक्टर आणि कॉकपिटमध्ये आपापला स्विच द्यावा. एरवी दोन्ही काँटॅक्टर जोडलेले ठेवून बॅटऱ्या पॅरलल चालवाव्यात. अल्टरनेटर गेला की वेगळ्या कराव्यात, एक इंजिनाला, एक रेडिओ आणि बाकी सगळ्याला. काँटॅक्टरची कॉइल स्वतः पाऊण ते एक अँपिअर खाते, म्हणून अडचणीच्या वेळी इंजिनाची वीज थेट बॅटरीपासून, काँटॅक्टर टाळून, फ्यूजमधून घेता येईल अशी एक वाट ठेवावी. पॉयकर्टची फुकटची मिनिटं वेगळं केल्यावर जातात, हे खरं. पण त्या घडीला एका बॅटरीचा बिघाड दुसरीपर्यंत पोचू नये, हे मला जास्त मोलाचं वाटतं. यावर आमच्या धंद्यात दोन तट आहेत आणि दोन्हीकडे शहाणी माणसं आहेत.

मग त्याने लिथियमचं काढलं. साहजिक आहे, १७ अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी सात किलोच्या आसपास भरते, आणि तेवढ्याच जोराने इंजिन फिरवणारी लिथियम आयर्न फॉस्फेट दोन-अडीच किलोत येते. "एक लेड, एक लिथियम ठेवली तर?" मी सरळ नाही म्हणालो. लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल विश्रांतीत १३.३ व्होल्ट दाखवतात, म्हणजे भरलेल्या लेडच्या अर्धा व्होल्ट वर. लोड आला की आधी लिथियमच रिकामी होत जाते, कारण तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं आणि रोधही कमी. लेड बघत बसते. लिथियम संपत आली की तिच्यातली बॅटरी मॅनेजमेंट सर्किट तिला तोडते, न सांगता, आणि सगळा लोड एकदम लेडवर येतो. उलट रिकामी लिथियम चार्जिंगला लागली की अल्टरनेटरकडून त्याच्या ताकदीबाहेरचा करंट मागू शकते. आणि एकट्या लिथियमवर चालणाऱ्या विमानात त्या सर्किटने चार्जिंगच्या मधेच बॅटरी तोडली, तर अल्टरनेटर बॅटरीविना उरतो आणि बसवर व्होल्टेजची उसळी येते. या सगळ्यावर उपाय आहेत, पण तारा पहिल्यांदाच जोडणाऱ्या माणसाने ते घरच्या गॅरेजात शोधू नयेत. दोन्ही एकाच जातीच्या घे म्हटलं.

शेवटी त्याला नकाशा सांगितला आणि एक वेळापत्रक. बॅटऱ्या दोन, एकाच मॉडेलच्या, दोन्ही शक्य तितक्या थंड जागी. इंजिन एक दिवस पहिलीवर चालू करायचं, दुसऱ्या दिवशी दुसरीवर, दोन्हींवर एकदम कधीच नाही, म्हणजे निदान जोर तरी वेगवेगळा कळतो. बसवर दिसणारं व्होल्टेज दोन्ही फेऱ्यांत लिहून ठेवायचं. दरवर्षी एकच नवी बॅटरी आणायची, ती पहिल्या जागेवर. कालची पहिली दुसऱ्या जागेवर. दुसरी घराबाहेर, गवत कापायच्या यंत्रात वगैरे. म्हणजे विमानात दोन वर्षांहून जुनी बॅटरी राहतच नाही. आणि दुसऱ्या जागेवर जाणाऱ्या बॅटरीची आधी लोड लावून पूर्ण चाचणी.

"दरवर्षी तास तास बसायचं?" तो म्हणाला.

"वर्षातून एकदाच. आणि नीट चार्ज करून मग."

थोडा वेळ त्याने काही लिहून घेतल्याचा आवाज आला. मग विचारलं, "मामा, लोड म्हणून काय लावू? माझ्याकडे जुन्या गाडीचे हेडलाइटचे बल्ब पडलेत."

चालतील की. पंचावन्न वॅटचे तीन पॅरलल लाव, साडेतेरा-चौदा अँपिअर ओढतील, एका तासाच्या दराच्या जवळ जातोस. फक्त ते लाकडावर ठेवू नकोस, तापतात.